आत्याकडून शून्य येत नाही

प्रिय भिंगरी,

आणि तुझ्या नवऱ्याला आधी हे सांग, की फोन उचलायचा तर माणसासारखं बोलावं, नाहीतर उचलू नये. सकाळी केला, झोपली आहे. दुपारी केला, झोपली आहे. शाळेत शिकवायचं काय म्हटलं, तर रजा घेतलीय, जरा झोपली आहे. जेवली का म्हटलं, तर झोपली आहे. शेवटी मी म्हटलं, जावईबापू, घराला आग लागली तरी हेच सांगाल का, तर हसलासुद्धा नाही. रागात अरे-तुरे लिहितेय, समोर आला की अहो-जाहो करेन, पण आज नाही. तुला आठवतं का, तू मला एकदा अडकलेलं यंत्र समजावलं होतंस. त्यात कुठलाही आकडा घाला, बाहेर एकच ठरलेला निघतो. मी म्हटलं होतं, हा तर आमचा मुकादम. सुट्टी मागा, बघू. कात्रीला धार लावा, बघू. दिवा गेलाय, अंधारात बोटं कापतील, बघू. पोट दुखेपर्यंत हसलो होतो आपण. पण तुझा नवरा जन्मापासून तसा नाही. साधी सर्दी झाली तरी कुठल्या नाकपुडीतून सुरू झाली तिथपासून सांगणारा माणूस तो. असा माणूस अडकतो तेव्हा कोणीतरी त्याला अडकवलेला असतो. आणि त्या घरात तेवढी ताकद तुझ्याशिवाय कोणाची आहे?

हे पडद्यांच्या कारखान्यात बसून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. कागद नमुने कापायचा खाकी आहे, पेन अडखळतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. चौथीनंतर माझं अक्षर सुधारायला मला कोणी शाळेत पाठवलं नाही. बाकीच्या बायका बाहेर चहाला गेल्यात. समोर कापायचं टेबल आहे आणि त्याच्या कडेला मी खडूने दोन आकडे लिहून ठेवलेत, एकशे आठ आणि एकशे एकतीस. माझ्याबरोबर कापायला असते ती चष्मेवाली दोनदा फडकं घेऊन पुसायला आली, दोन्ही वेळा मी तिच्या हातावर फटका मारला. ते दोन्ही आकडे तुझे आहेत, तुझ्या तोंडचे. ते पुसले तर उद्या मलाच खोटं वाटेल, म्हणून राखून ठेवलेत.

तू फोन केलास तेव्हा मी खूश झाले होते. निजायच्या खोलीला पडदा हवा म्हणालीस, जाड, गर्द निळा, उजेडाचा एक ठिपका आत येणार नाही असा. इतकी वर्षं मी जगाच्या खिडक्या झाकल्या, पण पोटच्या पोरीने कधी पडदा मागितला नव्हता. तुला उघडी खिडकी लागते. थंडीतसुद्धा तू खिडकी उघडून बसायचीस आणि तुझे बाबा शाल गुंडाळून दुसऱ्या खोलीत जायचे. म्हटलं, चला, संसाराला लागली, पडदे आठवले. खिडकी किती विचारलं, अठ्ठेचाळीस इंच म्हणालीस. मग नेहमीसारखी माझ्या पुढे पळालीस आणि कापडाची रुंदीही तूच सांगून टाकलीस. एकशे आठ. मी खडूने लिहिलं आणि थांबले.

आपलं काम तुला माहीत आहे. तरी लिहून काढते, कारण आता तुला काय माहीत आहे आणि काय नाही याची मला खात्री उरलेली नाही. खिडकीची रुंदी आधी दुप्पट करायची, म्हणजे पडद्याला चुण्या पडतात. मग दोन्ही कडांच्या दुमडीसाठी मिळून सहा इंच वाढवायचे. अठ्ठेचाळीसचे शहाण्णव, शहाण्णव आणि सहा एकशे दोन. एकशे आठ कधी येतात, तर आधी सहा मिळवले आणि मग दुप्पट केली तर. चोपन्न दुणे एकशे आठ. म्हणजे दुमडीचीही दुप्पट. दुमडीला काय चुण्या पाडायच्यात? मी म्हटलं, भिंगरे, आधी दुप्पट, मग दुमड. तू म्हणालीस, नाही, आधी दुमड. मी म्हटलं, अगं तूच शिकवलंस ना. तर तू चिडून म्हणालीस, कळत नाही तर वाद कशाला घालतेस. मला उलट बोलायला तू कधी कमी केलं नाहीस, टोमणे मारलेस, दारं आपटलीस, पण कळत नाही असं तू मला कधी म्हणाली नव्हतीस. बाकी सगळं जग म्हणालं, तू नाही. मग फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता, चार मजले चढून आल्यासारखा. आणि मग अगदी हळू विचारलंस, आई, आपण कशाबद्दल बोलत होतो?

मी म्हटलं, पडद्याबद्दल. तू म्हणालीस, हो हो, पडदा. आणि फोन ठेवलास.

आता तुला तो दिवस आठवतो का ते सांग. खरंच विचारतेय, उगाच जुनं उगाळत नाही. शाळा सुटली की तू इथे यायचीस आणि या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचीस, कारण घरी एकटीला करमायचं नाही. वर माझं आणि चष्मेवालीचं जुंपलं होतं. ती म्हणे आधी दुमड, मी म्हणे आधी दुप्पट, आणि का ते दोघींनाही सांगता येत नव्हतं, म्हणून आवाज वाढत होता. तू खालून डोकं काढलंस, केसांत दोरे अडकलेले, आणि न्यायाधीशासारखी म्हणालीस, दोघी थांबा. खडू घेऊन टेबलावर दोन डबे काढलेस. हा डबा दुप्पट करतो, हा डबा सहा मिळवतो. आत जातो तो क्ष. क्ष म्हणजे कोण, तर जो अजून आपल्याला माहीत नाही तो. मग चष्मेवालीला म्हणालीस, मावशी, दहा घाला. या रांगेने गेलं तर दहाचे वीस आणि विसाचे सव्वीस. त्या रांगेने गेलं तर दहाचे सोळा आणि सोळाचे बत्तीस. मग तीस घालायला लावलेस, इकडून सहासष्ट आले, तिकडून बहात्तर. काहीही घाला, तिकडचं सहानेच जास्त. चष्मेवाली म्हणाली, मग काय, शेवटी सहा कापून टाकू. तू कपाळावर हात मारलास तो अजून डोळ्यांसमोर आहे. कपाळाला खडू लागला होता.

त्या दिवशी तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक, डबे तेच, आकडा तोच, पण रांग बदलली की उत्तर बदलतं. दुसरी गोष्ट मला जास्त पटली, कारण ती माणसांनाही लागू पडते. तू म्हणालीस, एका डब्यात एकच आकडा कितीही वेळा घाला, आज घाला, पुढच्या वर्षी घाला, दर वेळी तेच बाहेर यायला हवं. तुमच्या पुस्तकात त्याला फलन म्हणतात. आज एक आणि उद्या दुसरं असं निघायला लागलं, तर ते फलन नाही, मग त्याच्यावर विसंबायचं नाही.

मग तर तुला छंदच लागला. घरातल्या एकेकाला डबा केलंस. तुझी आत्या म्हणजे दुप्पट अधिक एक. कोणाचं बोट कापलं की तिच्याकडून हात तुटून बाहेर येतो, आणि वर तो एक कशाचा, तर तिच्या पदरचा. नळ गळतोय म्हटलं की पूर आलाय, आणि वर शेजारची म्हातारी वाहून गेली. तुझे बाबा म्हणजे निम्मे. बस चालवायचे तेव्हा एकदा समोरची काच फुटून अंगभर लागली, तर घरी येऊन म्हणे जरा खरचटलंय. तू म्हणायचीस, आत्याची बातमी बाबांच्या तोंडून आली की जवळजवळ खरी असते, कारण तिने दुप्पट केलेलं ते निम्मं करतात, आणि आत्याच्या त्या एकाचा अर्धा तेवढा चिकटून राहतो. आणि उलट, बाबांचं आत्याकडून आलं तर अख्खा एक चिकटतो. तेव्हा आधी आत्या, मग बाबा, हीच रांग बरी. आत्यासमोर म्हणालीस हे, आणि ती बिचारी हसत होती, अजून एक अधिक कर म्हणाली.

मला तू वजा तीन केलंस. मी म्हटलं, मी का वजा, मी काय केलं. तू म्हणालीस, आई, तुला काहीही सांगितलं की तू तीन कमी करतेस. डोकं दुखतंय म्हटलं की त्यात काय, पाणी पी. पडले म्हटलं की ऊठ, रस्त्याला लागलं का ते बघ. आणि दुखणं दोनच असलं तर तुझ्याकडून वजा एक निघतं, म्हणजे दुखणं राहतं बाजूला आणि वर ओरडा बसतो. सगळे हसले, मीपण हसले. आणि खरं सांगू, मला त्याचं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. एका बाजूला दुप्पट आणि दुसऱ्या बाजूला निम्मं असलेल्या घरात कोणीतरी सरळ वजा करणारं लागतंच, नाहीतर चूल पेटली नसती. पण परवापासून एकच विचार डोक्यात फिरतोय. ज्या पोरीला माहीत आहे की आई तीन वजा करते, ती तीनच्या आतलं काही आईला सांगायलाच जात नाही. आणि तीनच्या वरचं असेल, तर ते कधीपासून आहे?

तो एकशे आठ मी आधी माफ केला होता. म्हटलं परीक्षांचे दिवस आहेत, शंभर पोरांच्या चुका तपासून डोकं भणभणलं असेल. चूक कोणाचीही होते, आणि ही चूक निदान ओळखीची होती, चष्मेवालीची. रांग उलटी झाली, एवढंच. म्हणून मी दुसऱ्यांदा फोन केला आणि वेड पांघरलं. म्हटलं, अगं, माझा खडू पुसला गेला, परत सांग, खिडकी किती. तू बरोबर सांगितलंस, अठ्ठेचाळीस. म्हटलं, मग कापड किती घेऊ. तू थांबलीस. पूर्वी कधी थांबायची नाहीस, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर यायचं. आणि मग म्हणालीस, एकशे एकतीस.

मी बरं म्हटलं आणि ठेवला. मग या टेबलापाशी उभं राहून सगळ्या बाजूंनी करून बघितलं. आधी दुप्पट, मग सहा. आधी सहा, मग दुप्पट. दोनदा दुप्पट. दोनदा सहा. मुकादम मागून येऊन उभा राहिला, काय चाललंय विचारलं, मी म्हटलं बघू. एकशे एकतीस कुठूनच येत नाही, भिंगरी. येणारच नाही. दुप्पट केली की आकडा सम होतो, सहा मिळवले तरी समच राहतो. आधी मिळवून मग दुप्पट केली तरी सम. अठ्ठेचाळीसवरून या दोन डब्यांतून विषम आकडा बाहेर पडायला वाटच नाही. हे मला चौथी शिकलेल्या बाईला कळतं, कारण तू शिकवलंस. तुला ते बोलताना कळलं नाही. एकाच डब्यात तोच आकडा घातला आणि दोन दिवसांत दोन उत्तरं आली. मी कापडाच्या ताक्यावर बसले आणि चष्मेवालीने पाणी आणून दिलं. नेहमी पाण्याबरोबर दोन शब्द ऐकवते, त्या दिवशी ऐकवले नाहीत. म्हणजे माझं तोंड कसं दिसत असेल बघ.

मग मी तुझ्या आत्याला तुझ्याकडे पिटाळलं. एकाच शहरात राहता, म्हटलं, वन्सं, जाऊन बघून या आणि मला जे दिसेल ते सांगा, मी माझं माझं निम्मं करून घेईन. मी फोन हातात धरून बसले. मनाची तयारी केली होती. म्हटलं आता ही सांगणार, पोरगी अंथरुणाला खिळलीय, हाडं मोजून घ्या, डॉक्टरांनी हात टेकलेत. ते ऐकून मी निवांत झाले असते. खरंच झाले असते. एक वजा करून निम्मं केलं की उरलं असतं थोडा ताप, थोडा अशक्तपणा. आणि आत्याचा फोन आला आणि ती म्हणाली, काही नाही, वहिनी, भिंगरी ठणठणीत आहे.

एवढंच. शून्य.

आत्याकडून शून्य येत नाही, भिंगरी. तूच मांडून दाखवलं होतंस. शून्याची दुप्पट शून्य, पण वर तिच्या पदरचा एक असतोच. काहीच झालेलं नसलं तरी आत्याकडून एक निघतो. तू नुसती बसली असतीस, चहा पीत असतीस, तरी ती म्हणाली असती, वाळलीय गं, आणि पडद्याशिवाय झोपतेय बिचारी. माझ्या लग्नापासून मी त्या बाईला ओळखते. ती वाढवून सांगते, पण खोटं बोलत नाही, तिला ते जमतच नाही. तेव्हा हे शून्य तिचं नाही, तिच्या हातात दिलेलं आहे. फोन ठेवायच्या आधी तिने नाक ओढल्याचा आवाज मी ऐकला. मी विचारलं, वन्सं, सर्दी झाली का. म्हणाली, नाही. सर्दी नाही म्हणणारी आत्या, म्हणजे तूच विचार कर.

तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, काही नसेल. शून्याचं निम्मं शून्यच, त्यामुळे त्यांचं यंत्र बरोबर चाललं. पण संध्याकाळी बघते तर माळ्यावरची प्रवासाची बॅग खाली. म्हटलं, ही कशाला काढली. म्हणे धूळ बसली होती, झटकतोय. ती बॅग त्यांनी आजवर कधी झटकलेली नाही. झटकून परत वर ठेवलीही नाही, दाराशी आहे. काल त्यांचा चहा दोनदा गार झाला आणि त्यांनी दोन्ही वेळा तसाच प्यायला. नळ दुरुस्त करायला बसले आणि पान्हा हातात धरून नुसते नळाकडे बघत राहिले. आम्ही दोघं घरात असे फिरतोय जसं कोणी निजलंय आणि त्याला उठवायचं नाही.

मी बसून सगळ्यांची बेरीज करायला गेले. तू म्हणायचीस, दोन डब्यांची उत्तरं मिळवता येतात, एकातून दुसरं वजाही करता येतं, फक्त दोन्हींत क्ष तोच घातलेला हवा. एकात पाच आणि दुसऱ्यात नऊ घातले तर बेरजेला काही अर्थ नाही. तिथेच मी अडकले. तुझा नवरा म्हणतो झोपली आहे. आत्या म्हणते काही नाही. तू म्हणतेस एकशे आठ, आणि मग म्हणतेस एकशे एकतीस. ही बेरीज लागत नाही, कारण तू प्रत्येकाला वेगळा क्ष दिला आहेस. नवऱ्याला एक सांगितलंस, आत्याला दुसरं, आणि मला पडदा. खरा आकडा तुझ्या एकटीपाशी आहे आणि तू तो पोटाशी धरून अंधारात पडली आहेस. आणि पडदा मागायचं कारण काय सांगितलंस, तर सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. अगं, मी राहून गेलेय त्या खोलीत. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. तू हात बाहेर काढलास तर भिंतीला लागेल. त्या खिडकीतून ऊन यायला त्याने भिंत फोडायला हवी. तिथून जेवढा उजेड येतो तेवढ्यात मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि तेवढाही तुला सहन होत नाही.

आता हे फोनवर का सांगत नाही ते ऐक. फोनवर तू ठीक आहे म्हणशील, माझ्या तोंडून सवयीने त्यात काय निघून जाईल आणि संपलं. शिवाय हे तुझ्या बाबांसमोर बोलता येत नाही. तुझा सुतारमामा, माझा धाकटा भाऊ, तुला थोडाफार आठवत असेल, लाकडी घोडा करून दिला होता त्याने. तुला आम्ही सांगितलं की तो कामावर परांचीवरून पडून गेला. पडला हे खरं आहे. का पडला ते कधी सांगितलं नाही, कारण पोरांच्या डोक्यात भीती कशाला घाला. आपल्या घराचं मागचं दार त्यानेच केलं. तेच, जे बसत नाही, जे तू शाळेत जाताना खांद्याने ढकलायचीस. चौकटीपेक्षा दार बोटभर लहान करतात, उघडझाप व्हायला. ते बोट वजा करायच्या ऐवजी त्याने मिळवलं. ज्याने शेकडो दारं लावली त्याने. सगळ्यांनी लाकडाला दोष दिला, ओलं होतं, फुगलं. मग तो चिडका झाला. मग दुकानाच्या खिडकीला पोती लावून आत बसायला लागला, उजेड टोचतो म्हणायचा. एकदा माझ्याशी बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, ताई, आपण कशाबद्दल बोलत होतो. पडल्यावर दवाखान्यात नेलं तेव्हा डोक्यात गाठ निघाली, मोठी झालेली. तिथला डॉक्टर म्हणाला, दार चुकलं तेव्हा आणला असतात तर काढून दिली असती. हे वाक्य मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही अर्धंच सांगितलं. असलं काही मामाकडून भाचीकडे येतं का, ते मला माहीत नाही, तो हिशेब डॉक्टरांचा. माझ्यापाशी फक्त बसत नसलेलं दार आहे आणि एकशे एकतीस आहे. म्हणून लिहिलं. डॉक्टरांकडे गेली नसशील तर पत्र पुरं वाचायच्या आत चप्पल घाल, नवऱ्याला घे, आणि मामाचं सगळं सांग, दार, पोती, गाठ, काही गाळू नकोस. हा कागदच दाखव, मला लाज नाही. आणि जाऊन आली असशील, आणि तुम्ही सगळे मिळून तेच माझ्यापासून लपवत असाल, तर मला क्ष सांग. नवऱ्याच्या तोंडून नको, आत्याच्या तोंडून नको, जो आहे तो, तुझ्या हाताने लिहून. कितीही मोठा असू दे, मी त्यातून काही वजा करणार नाही. पडदा कापला, एकशे दोनच कापला, शिवून या पत्राबरोबर पाठवतेय, उजेड टोचत असेल तर आधी तो लावून घे. आमचा गाडीवाला तुमच्या शहरात ताके आणायला येतो, त्याला सांगितलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं आणि तू झोपली असलीस तर उठवायचं. शनिवारी तो तिथून परत निघेल, त्याआधी तुझ्या दारात येऊन उभा राहील. शनिवारी त्याच्या हातात तुझं उत्तर हवं. ते आलं नाही, तर बॅग दाराशी आहेच, रविवारी मी आणि तुझे बाबा तुझ्या घरी. शनिवार, भिंगरी. विसरशील, म्हणून हातावर लिहून ठेव.

तुझीच,
आई